नववी ते बारावीच्या मधल्या लेकराला परदेशातल्या शाळेत नेताना

वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यातून कुणाची परदेशी बदली होते, नर्सिंग झालेल्या एखाद्या आईला इंग्लंडच्या रुग्णालयात नोकरी लागते, आणि २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून जर्मनीचं नावही आपल्याकडे जास्त निघू लागलं आहे. घरात पेढे वाटले जातात आणि त्याच घरात नववी-दहावीतलं एक लेकरू असतं. दुसरी-तिसरीतलं पोर कुठंही नेलं तरी रुळतं. नववी ते बारावीच्या मुलाचं तसं होत नाही. त्याच्यामागे बोर्ड असतं, पुढे प्रवेश परीक्षा असते आणि वय थांबत नसतं. मी माध्यमिक शाळेत शिकवते. दाखला काढायला येणारे पालक आधी विमानाची तारीख सांगतात आणि मग विचारतात, "मॅडम, तिकडं याला कितवीत घेतील?" खरं तर हा प्रश्न आधी विचारायचा असतो आणि त्याच्या उत्तरावरून तारीख काढायची असते.

दोन वर्षांची जोडी मोडू नका

शाळेची शेवटची चार वर्षं पुष्कळ देशांत दोन-दोनच्या जोडीनं चालतात. आपल्याकडे नववी-दहावी आणि अकरावी-बारावी. इंग्लंडमध्ये इयर १० आणि ११ मिळून जीसीएसई (आपल्या दहावीसारखी परीक्षा), १२ आणि १३ मिळून ए-लेव्हल (बारावीसारखी). आंतरराष्ट्रीय शाळांतला आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमाही दोन वर्षांचा. जोडीच्या मध्यावर मुलाला उचललं की पहिल्या वर्षाची मेहनत इकडे कामाला येत नाही आणि दुसऱ्या वर्षाचा पाया तिकडे नसतो. म्हणून हलवायला बऱ्या वेळा तीनच: आठवी संपल्यावर, दहावीची बोर्डाची परीक्षा दिल्यावर, किंवा बारावी झाल्यावर थेट पदवीसाठी. नववी संपवून किंवा अकरावी संपवून जाणं सगळ्यात महागात पडतं, मग पगार कितीही चांगला असो.

एक कागद घ्या. वर मुलाची जन्मतारीख लिहा. खाली लिहा की शाळेचं शेवटचं प्रमाणपत्र कोणत्या देशाचं आणि कोणत्या वर्षी हातात हवं. मग तिथून एकेक वर्ष मागे येत आजपर्यंत पोचा. जोडी मध्येच तुटत असेल तर ते या कागदावर लगेच दिसतं.

माझं मत स्पष्ट आहे. मूल दहावीत असेल आणि नोकरीवाल्यानं आधी जाऊन बाकीच्यांनी सहा-आठ महिने मागे राहणं जमत असेल, तर दहावी इथंच होऊ द्या. एसएससीचं प्रमाणपत्र जन्मभर लागतं, आणि परदेशातल्या शाळेलाही बोर्डाचं एक पूर्ण झालेलं प्रमाणपत्र समजून घेणं सोपं जातं. अर्धवट नववीच्या चाचण्यांचे गुण समजावून सांगत बसण्यापेक्षा ते किती तरी बरं.

मागे ठेवताना मात्र व्हिसाच्या वयाकडे लक्ष हवं. इंग्लंडमध्ये अवलंबित म्हणून पहिला अर्ज करताना मूल १८ वर्षांच्या आतलं असावं लागतं. अमेरिकेत एच-४ म्हणजे नोकरी-व्हिसावाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावरची मुलं २१ व्या वर्षापर्यंतच अवलंबित राहतात. जर्मनीत १६ पूर्ण झालेलं मूल आईवडिलांबरोबर न जाता मागाहून जाणार असेल तर जर्मन भाषेची बरीच वरची पातळी मागितली जाऊ शकते. ब्लू कार्ड म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांचा परवाना असलेल्यांच्या मुलांना यात सवलत आहे. "बारावी होऊ दे, मग नेऊ" हा विचार चांगला आहे, पण तोवर दार उघडं राहतंय का, ते कंपनीच्या वकिलाकडून किंवा दूतावासाकडून लेखी विचारून घ्या.

कुठल्या देशात कशावरून वर्ग ठरतो

इंग्लंडमध्ये वर्ग ठरतो तो वयावरून. ३१ ऑगस्टला किती वर्षं पूर्ण झाली ते पाहतात आणि वर्ष सप्टेंबरला सुरू होतं. आपली मुलं नेमकी इथेच अडकतात. समजा मुलीनं मार्च २०२६ मध्ये दहावी दिली. तिचा जन्म मे २०१० चा असेल तर सप्टेंबरमध्ये ती इयर १२ च्या वयाची होते, म्हणजे नवी जोडी सुरुवातीपासून. पण जन्म नोव्हेंबर २०१० चा असेल तर ती वयानं इयर ११ मध्ये येते. ते जीसीएसईचं परीक्षेचं वर्ष. बाकीच्यांचा निम्मा अभ्यासक्रम झालेला आणि परीक्षा मे-जूनला. अशा वेळी "वयाप्रमाणे इयर ११" हे उत्तर आलं म्हणून गप्प बसू नका. दहावी पूर्ण झाल्याचं दाखवून वर्षभर पुढे किंवा मागे बसवतात का, हे शाळेला आणि त्या भागातल्या कौन्सिलच्या प्रवेश विभागाला जाण्याआधी विचारा. निर्णय त्यांचा असतो, पण विचारणाऱ्याचा विचार होतो. ज्या शाळेत जाल तिथं कोणत्या विषयाला कोणतं परीक्षा मंडळ आहे तेही विचारा, कारण एकाच विषयाचे धडे आणि पुस्तकं मंडळागणिक बदलतात.

अमेरिकेत हिशेब क्रेडिटचा, म्हणजे एकेक विषय पूर्ण केला की खात्यावर जमा होणाऱ्या एककांचा. नववी ते बारावी ही चार वर्षं मिळून हायस्कूल, आणि प्रत्येक राज्याची हायस्कूल पूर्ण करण्यासाठीची विषयांची यादी वेगळी: इंग्रजी इतकी वर्षं, गणित इतकी, अमेरिकेचा इतिहास, शासनव्यवस्था. तुमच्या मुलाची इथली नववीही त्यात मोजली जाते. आपल्याकडे "नववीला काय, पास झाला की झालं" म्हणत सोडलेलं गुणपत्रक तिथं कॉलेजच्या अर्जापर्यंत सोबत येतं. जुन्या वर्गाचे गुण आणि विषयांचा तपशील नसेल तर क्रेडिट मिळत नाही आणि मूल खालच्या वर्गात बसतं. एच-४ वाल्या मुलांना राहत्या भागातली सरकारी शाळा मोफत असते. घरभाड्याचा करार आणि वीजबिल दाखवावं लागतं. मुलाला एकट्याला नातेवाइकाकडे ठेवून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सरकारी हायस्कूलला घालायचा विचार असेल तर ते जास्तीत जास्त १२ महिने चालतं, आणि शाळेचा पूर्ण खर्च भरावा लागतो.

कॅनडात प्रांतागणिक नियम. ओंटारिओत डिप्लोमासाठी ३० क्रेडिट, ४० तास समाजसेवा आणि साक्षरतेची अट. बाहेरून आलेल्या मुलाला किती क्रेडिट द्यायचे ते मुख्याध्यापक ठरवतात, त्यामुळे तिथंही कागद बोलतात.

जर्मनीत सरकारी शाळेला फी नाही, पण १६ राज्यांचे १६ शालेय कायदे आहेत आणि शिकवणं जर्मनमध्ये आहे. नवीन आलेल्या मुलांसाठी आधी भाषेचे वर्ग असतात, मग नेहमीचा वर्ग. तेरा वर्षांचं मूल हे पार करतं. जर्मनचा गंध नसलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला आबिटूरच्या, म्हणजे विद्यापीठासाठी लागणाऱ्या शेवटच्या शालेय परीक्षेच्या, वाटेवर बसवणं म्हणजे तीन-चार वर्षांची तयारी ठेवणं. अशा मुलाची बारावी इथं करून मग विद्यापीठासाठी नेणं मला जास्त पटतं. आंतरराष्ट्रीय शाळा हा दुसरा पर्याय. कंपनी फी भरणार असेल तर ते नोकरीच्या पत्रात लिहून घ्या.

ऑस्ट्रेलियाचं वर्ष जानेवारीअखेर सुरू होऊन डिसेंबरमध्ये संपतं. आपला दहावीचा निकाल लागेपर्यंत त्यांचं निम्मं वर्ष सरत आलेलं असतं. जूनला घाईनं नेण्यापेक्षा मधल्या महिन्यांत इंग्रजी लिखाण पक्कं करून जानेवारीच्या इयर ११ ला बसवणं चांगलं. काही राज्यांत तात्पुरत्या व्हिसावरच्या कुटुंबांना सरकारी शाळेलाही फी पडते, तेवढं आधी पाहा.

आखातात सीबीएसईच्या शाळा भरपूर, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण सीबीएसई नववी-दहावी आणि अकरावी-बारावी एकत्र धरते; नोंदणी नववीत आणि अकरावीत होते. राज्य मंडळाची नववी करून तिकडे थेट दहावीत बसता येत नाही.

लातूर पॅटर्नमधल्या मुलांसाठी वेगळा विचार

मूल लातूर-नांदेडला नीटच्या तयारीत असेल तर प्रवेशाचा हा नियम समजल्याशिवाय तिकीट काढू नका. महाराष्ट्रातल्या वैद्यकीय प्रवेशात राज्याच्या ८५ टक्के कोट्यासाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असावी लागते. काही ठरावीक अपवाद आहेत, पण परदेशातल्या खासगी नोकरीसाठी गेलेल्या कुटुंबानं त्यावर विसंबू नये. बारावी बाहेर झाली की अखिल भारतीय १५ टक्के जागा, अभिमत विद्यापीठं आणि एनआरआय जागा, एवढंच उरतं. एमबीबीएस इथंच करायचं पक्कं असेल तर बारावी इथं होऊ द्या. आजीच्या हाताखाली दोन वर्षं राहिलेली मुलं बिघडत नाहीत.

अभियांत्रिकीला एवढं कडक नाही. आई किंवा वडील महाराष्ट्राचे अधिवासी असतील तर राज्याच्या प्रवेश प्रक्रियेत वाट राहते. तरीही बाहेर बारावी करून परत यायची थोडी जरी शक्यता असेल, तर भौतिक, रसायन, जीवशास्त्र किंवा गणित, आणि इंग्रजी हे विषय तिथंही सोडू देऊ नका. अमेरिकेत हे विषय एकेका वर्षात घेऊन संपवता येतात आणि मुलं बारावीत त्यांना रामराम ठोकतात. परत आल्यावर परदेशी प्रमाणपत्राची समकक्षता असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजकडून घ्यावी लागते, आणि तिथं विषयांची यादी बघतात.

राखीव प्रवर्गातल्या कुटुंबांनी परदेशी निघण्याआधीच जातीचा दाखला काढून ठेवावा. त्यासाठी लागणारा आजोबांचा प्रवेश-निर्गम उतारा गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत असतो, मराठवाड्यात जुन्या महसुली नोंदी उर्दूत सापडतात, आणि हे सगळं फोनवरून होत नाही. अधिवास प्रमाणपत्रही याच फेरीत करून घ्या.

कागद

इथं सगळ्यात जास्त वेळ जातो, म्हणून सात-आठ महिने आधी सुरुवात करा.

पहिली गोष्ट, नाव. आपल्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर क्रम दुसरा. हे चालतं. चालत नाही ते स्पेलिंगमधला फरक, आणि ग्रामपंचायतीचा जुना जन्मदाखला ज्यावर मुलाचं नावच घातलेलं नसतं. जन्मदाखला, शाळेचं जनरल रजिस्टर, आधार, पासपोर्ट हे चारही कागद टेबलावर शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवा. रजिस्टरमधली चूक मूल शाळेत असेपर्यंत सोप्यात दुरुस्त होते. शाळा सोडल्याचा दाखला एकदा हातात आला की शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीचे हेलपाटे सुरू होतात. दहावीला बसायच्या आधी हे उरका, म्हणजे बोर्डाच्या प्रमाणपत्रावर तीच चूक छापून येणार नाही.

दुसरी गोष्ट, शाळेचं पत्र. कार्यालयात गेलं की क्लार्क दाखला देतात आणि काम झालं असं वाटतं. "सर, एक पत्रही लागेल, इंग्रजीत, लेटरहेडवर." "कशाचं पत्र, ताई? टीसी दिली की." तिथं हळूच बसून समजावून सांगावं लागतं, कारण परदेशातल्या शाळेला आपल्या टीसीवरून काहीच कळत नाही. त्यात वर्तणूक चांगली, थकबाकी नाही, एवढंच असतं. त्यांना हवी असते गेल्या तीन-चार वर्षांची एकत्र नोंद. मसुदा तुम्हीच टाइप करून न्या. पाच रकाने: इयत्ता आणि वर्ष, विषय, शिकवण्याचं माध्यम, आठवड्याचे तास, शंभरपैकी गुण. खाली दोन-तीन वाक्यं: उत्तीर्ण होण्यासाठी १०० पैकी ३५ गुण लागतात, गणित आणि विज्ञान दोन-दोन भागांत शिकवलं जातं, दहावीला प्रत्येक भागाची ४० गुणांची लेखी परीक्षा आणि दोन्ही भागांचे मिळून २० गुण अंतर्गत. यातलं ३५ गुणांचं वाक्य लिहायचं विसरू नका. अमेरिकेतला समुपदेशक ६८ टक्के पाहून मुलाला काठावरचं समजू शकतो, कारण त्यांच्याकडे साठ-पासष्टच्या खाली नापास. भूमिती आणि बीजगणित वेगळे दाखवले तर तिथं दोन विषयांचे क्रेडिट मिळायची शक्यता वाढते. मुख्याध्यापकांची सही, गोल शिक्का, शाळेचा यूडायस क्रमांक आणि चालू असलेला ईमेल, हे सगळं पत्रावर असू द्या. तीन मूळ प्रती घ्या आणि एक शाळेच्या बंद, शिक्का मारलेल्या पाकिटात ठेवा. काही शाळा तशीच मागतात.

दहावी झाली असेल तर विभागीय मंडळाकडून मायग्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे दुसऱ्या मंडळात जायचा दाखला, काढा. लातूर, नांदेड, धाराशिवचं काम लातूर मंडळात. बीड, जालना, परभणी, हिंगोलीचं छत्रपती संभाजीनगरला. गुणपत्रक डिजिलॉकरमध्येही उतरवून ठेवा. दाखल्याची मूळ प्रत कुणाला देऊन टाकू नका, साक्षांकित प्रत द्या.

तिसरी गोष्ट, अ‍ॅपोस्टिल. आपला कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून हेग करारानुसार त्यावर मारलेला हा शिक्का. भारत २००५ पासून या करारात आहे. आधी राज्याच्या पातळीवर साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. मंत्रालयाची फी कागदामागे ५० रुपयेच आहे, बाकी खर्च मधल्या एजन्सीचा, तेव्हा दर दोन-तीन ठिकाणी विचारा. कॅनडा या करारात जानेवारी २०२४ पासून आला. दुबईसाठी मात्र अमिरातीच्या दूतावासाचं साक्षांकन लागतं, आणि जर्मनीनं भारताच्या प्रवेशाला आक्षेप नोंदवलेला असल्यामुळे तिथं काय चालेल ते त्यांच्या वकिलातीकडून विचारून घ्या. शाळेच्या साध्या गुणपत्रकाला अनेक ठिकाणी अ‍ॅपोस्टिल मागतच नाहीत. आधी शाळेला विचारा, मग पैसे घाला.

आईवडिलांपैकी एकच सोबत जाणार असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र इंग्रजीत घ्या.

लसी

अमेरिकेत लसीची नोंद पूर्ण नसेल तर बऱ्याच ठिकाणी वर्गात बसू देत नाहीत. आपल्या सरकारी लसीकरणात गोवर-रुबेला आहे, गालगुंड नाही. तिथं तिन्हीची एमएमआर मागतात. कांजिण्यांची लसही सरकारी यादीत नाही, ती खासगी दवाखान्यात घ्यावी लागते. दोन डोसमध्ये अंतर लागतं, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात हे जमत नाही. लहानपणीचं कार्ड हरवलं असेल तर बालरोगतज्ज्ञांकडून तारखांसह इंग्रजीत नोंद करून घ्या. आणखी एक: आपल्या मुलांना बीसीजी दिलेली असते, त्यामुळे क्षयरोगाची त्वचाचाचणी कधी कधी पॉझिटिव्ह येते. घाबरू नका, बीसीजीची नोंद दाखवा आणि इग्रा नावाची रक्तचाचणी मागा.

अभ्यासाची तयारी

आपल्या भागातली बरीच मुलं सेमी-इंग्रजीची. गणित-विज्ञानातले शब्द त्यांना इंग्रजीत येतात, त्यामुळे त्या तासाला ती टिकतात. अडतात ती इतिहासात आणि इंग्रजी साहित्यात, जिथं स्वतःचं मत मांडून दीड-दोन पानं लिहायची असतात. सुटीतले स्पोकन इंग्लिशचे क्लास याला पुरे पडत नाहीत. रोज एक परिच्छेद लिहून घ्या: माझं म्हणणं काय, ते कशावरून, आणि उलट बाजू काय.

विज्ञानातही फरक आहे. ओहमचा नियम आपल्याकडे व्याख्या, सूत्र, आकृती असा तीन गुणांना येतो. तिथं असा प्रश्न येतो: २ व्होल्टला ०.४ अँपिअर, ४ ला ०.८, ६ ला १.५, यातलं कोणतं वाचन संशयास्पद आहे, का, आणि प्रयोगात काय चुकलं असावं? पहिल्या दोन्हींत भागाकार ५ येतो, तिसऱ्यात ४, तिथं १.२ यायला हवं होतं. पाठांतरात ९५ मिळवणारा मुलगा इथं गप्प होतो, आणि ज्यानं प्रयोगशाळेत खरंच तारा जोडल्या तो बोलतो. जायच्या आधीचे दोन-तीन महिने त्या शाळेच्या परीक्षा मंडळाच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घ्या. त्या इंटरनेटवर फुकट मिळतात.

आणि मुलाला विचारा. खरंच विचारा, ठरवून झाल्यावर नव्हे. पंधरा वर्षांच्या मुलीला तिची कबड्डीची टीम, मैत्रीण, क्लासमधला पहिला नंबर सोडायचा असतो. ते तिचं जग आहे. शाळा निवडताना वेबसाइट तिच्यासमोर उघडा, विषय तिला निवडू द्या, शाळेला जाणारे ईमेल तिला वाचून दाखवा. "तुझ्यासाठीच चाललोय आपण" हे वाक्य टाळा, त्याचं ओझं फार होतं.

पोचल्यावर

पहिल्या आठवड्यात समुपदेशकाची वेळ घ्या आणि क्रेडिटचा किंवा विषयांचा हिशेब लेखी मागा. गणिताची चाचणी घेऊन वर्ग ठरवत असतील तर प्रवासाच्या दुसऱ्याच दिवशी बसवू नका, दोन-तीन दिवस मागा. इंग्रजीच्या जादा वर्गात घातलं तर कमीपणा मानू नका. मात्र त्यातून कधी बाहेर पडता येईल ते विचारून ठेवा. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा अनेक गावांत चालतात आणि काही स्कूल डिस्ट्रिक्ट तिथल्या मराठीला परकी भाषेचं क्रेडिट देतात. म्हणजे स्पॅनिश पहिल्यापासून शिकायची वेळ टळू शकते.

बँक, घरमालक, दवाखाना इथं मुलाला दुभाष्या करून फिरवू नका. त्याचा अभ्यासाचा वेळ जातो आणि घरातली काळजी त्याच्या अंगावर येते. मे महिन्यातल्या लग्नांना गावी यायचं ठरवताना शाळेचं कॅलेंडर बघा. इंग्लंडमध्ये मे-जून परीक्षेचा काळ असतो आणि विनापरवानगी गैरहजेरीला पालकांना दंड होतो. पहिल्या सहामाहीत गुण पडतील, ते पडू द्या. पण मूल जेवणाच्या सुटीत रोज एकटं बसत असेल, झोप बिघडली असेल, आजीशी फोनवर बोलायचंही टाळत असेल, तर सत्र संपायची वाट न बघता वर्गशिक्षकांना भेटा.

निघण्यापूर्वी गावाकडच्या एका विश्वासू माणसाच्या नावानं अधिकारपत्र करून ठेवा, मामा असो की आत्या. कारण दुसऱ्या वर्षी कधी तरी शाळा किंवा विद्यापीठ बोर्डाकडून पडताळणी मागतं, आणि त्या दिवशी लातूरच्या मंडळात रांगेत उभं राहायला कुणी तरी लागतं. त्यांच्याकडे दाखला, गुणपत्रकं, आसन क्रमांक आणि मुख्याध्यापकांच्या पत्राची एक प्रत असू द्या.